चार देशांचं पारायण

शिवांजलीने एकाच वेळी चार परदेशी भाषा शिकायला घेतल्या, त्यात हावरटपणा मुळीच नव्हता. तो शुद्ध व्यवहार होता. बसप्पा किराणावाल्याची मुलगी ती. एकाच ठोक व्यापाऱ्यावर विसंबू नये, हे तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. बीडच्या साखरवाल्याने दगा दिला की लातूरचा कामाला येतो, लातूरच्याने दिला की बार्शीचा. तसंच एका देशाने दगा दिला तर दुसरा हाताशी असावा, दुसऱ्याने दिला तर तिसरा. चौथा आपला वरकड, माप भरल्यावर वरून टाकतात तसा.

दगा कसला, तर सर्टिफिकेटचा. आणि सर्टिफिकेट कशाला, तर अंबाजोगाईला जायला.

झालं होतं असं. बसप्पाने त्या वर्षी दुकानाच्या कोपऱ्यात काचेचं खोपटं करून टेलिफोन बूथ काढला होता. पिवळ्या पाटीवर एसटीडी, आयएसडी, पीसीओ अशी तीन नावं रंगवली होती. एसटीडीवर लोक पुण्या-मुंबईला ओरडायचे. पीसीओ म्हणजे काय ते कुणी विचारलं नव्हतं. आणि आयएसडीवर परदेशी बोलायला आजवर एकही माणूस आला नव्हता. बसप्पाला ते फार लागायचं. पाटीवर आहे आणि दुकानात नाही, असं त्याच्या चाळीस वर्षांच्या व्यापारात कधी झालं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी शिवांजली गुळाच्या ढेपेशेजारी उभी राहून म्हणाली, "आण्णा, दहावी झाली की मी अंबाजोगाईच्या कॉलेजात जाणार. हॉस्टेलवर."

"कावून? हितलं कॉलेज काय पडलंय का?"

"हितं भाषा न्हाईत. पेपरात आलंय, परदेशी कंपन्या यायलेत औरंगाबादला. त्यांच्यासंगं बोलायला माणसं लागतील."

"आन ती माणसं आपल्या चौसाळ्यातून उचलून नेणार हायत."

पायरीवर शेजारच्या छबुबाई गूळ घ्यायला बसल्या होत्या आणि पोस्टमन हरिबा सायकल भिंतीला लावून पाणी पीत होता. ऐकणारी दोन माणसं समोर असली की बसप्पाच्या अंगात व्यापारी संचारायचा. तो म्हणाला, "दहावी कुणीबी पास व्हतंय. परदेशातून तुझ्या नावानं एक सर्टिफिकेट येऊ दे. मी सोता पेटी उचलून तुला यष्टीत बसवतो. न्हाई आलं तर कॉलेज हितलंच, आन दुपारचं बूथवर बसायचं. बोल."

काचेच्या खोपट्यात बसून, गावाची भांडणं मिनिटांच्या हिशोबात ऐकत, आयुष्य काढायचं. शिवांजलीने खोपट्याकडे बघितलं. आत एक माणूस पुण्याच्या मेव्हण्याला शिव्या देत होता आणि बाहेर त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

"बोलले," ती म्हणाली.

हरिबाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी ऐकलंय बरं का," तो म्हणाला. छबुबाईंनीही मान हलवली. शब्द नोंदला गेला.

आता गुरू कुठून आणायचे? ते माळ्यावर होते. घरात रंगीत टीव्ही आल्यापासून जुना मोठा रेडिओ रिकाम्या पोत्यांत जाऊन पडला होता. शिवांजलीने तो उतरवला, पुसला आणि संध्याकाळी साडेसातला काटा फिरवला, तर काय, अख्खं जग हिंदीतून तिची वाट बघत बसलेलं. जर्मनी बोलत होतं, रशिया बोलत होतं, जपान आणि चीन तर घरातल्या माणसासारखं गोड बोलत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच: श्रोते हो, आम्हाला पत्र लिहा, आमची भाषा शिका, पुस्तक मोफत पाठवू.

"मोफत म्हंजे टपालबी त्यांचंच?" बसप्पाने विचारलं. त्यांचंच, हे कळल्यावर त्याने हरकत घेतली नाही.

पण मोफतलाही नियम असतात. जपानच्या केंद्राने कळवलं की पुस्तकं एकट्यादुकट्याला नसून श्रोता संघाला मिळतात. संघाला एक अध्यक्ष आणि दहा सदस्य हवेत, सगळ्यांची नावं, पत्ते, आणि संघाचा शिक्का. नावांची अडचण नव्हती. शिवांजली अध्यक्ष. आई उमाबाई, छबुबाई, छबुबाईंची नात वैष्णवी, जी शिवांजलीच्याच वर्गात होती, पोस्टमन हरिबा आणि गल्लीतल्या सहा शेजारणी मिळून सदस्य. शिक्का मात्र एकच होता, दुकानाचा. तो मारून यादी चारही देशांना धाडली. महिन्याभराने जर्मनीहून पहिलं पत्र आलं. सुरुवात होती: 'प्रिय किराणा व भुसारजी'.

बसप्पाने ते पत्र आठ दिवस गल्ल्यावर ठेवलं.

शेजाऱ्यांचे सल्ले पत्राच्या आधीच येऊन पोचले होते. हरिबा म्हणाला, "ताई, चार चार घेतल्यास खऱ्या, पण अरबी कावून सोडलीस? दुबईच्या मनीऑर्डरी मी सोता वाटतो. जपानची आजतागायत एक न्हाई आली." उमाबाई म्हणाली की आधी इंग्रजीत पस्तीसाच्या वर जा. वैष्णवीने सांगितलं की भाषा तुला, पाकिटातले स्टिकर मला. आणि छबुबाईंनी दिला तो खरा सल्ला.

"पोथी वाचतीस तसं वाचायचं. रोज, मोठ्यानं, नेमानं. समजायच्या नादी लागायचं न्हाई. पोथी समजून कोण वाचतंय?"

याला वजन होतं. शिवांजलीचा आवाज असा की देवळात बोलली तर वेशीवरची म्हैस कान टवकारायची. त्यामुळे श्रावणातली पोथी वाचायचं काम गल्लीने तिसरीपासून तिच्यावर टाकलेलं. ओवी कुठे ओढायची, कुठे थांबायचं, बायकांना डुलकी लागली की कुठे आवाज चढवायचा, हे तिला उत्तम कळायचं. म्हणून चारही पुस्तकं आली तशी तिने ती चौरंगावर मांडली आणि पारायण सुरू केलं. सकाळी जर्मन, शाळेतून आल्यावर चिनी, कणीक मळताना रशियन, दिवाबत्तीनंतर जपानी. हातपाय धुऊन. चाल पोथीचीच. धडा संपला की सवयीने हात जोडले जायचे आणि तोंडातून निघून जायचं, "इति जर्मनभाषायां तृतीयोऽध्यायः."

दिवाळीपर्यंत चारही भाषा तिच्या डोक्यात गुण्यागोविंदाने नांदायला लागल्या, म्हणजे एकमेकींच्या घरात चपला घालून शिरायला लागल्या. दुकानात ती गिऱ्हाइकाला साबणाच्या वड्या मोजून द्यायची: "आइन्स, त्स्वाय, त्री, चितीरे, गो, रोकु, छी, बा." जर्मनीत सुरू झालेली मोजणी दोन-दोन आकड्यांनी देश बदलत रशिया-जपानमार्गे चीनमध्ये संपायची. वड्या बरोबर आठच निघायच्या, हा भाग वेगळा.

"मराठीत मोज की," बसप्पा दबक्या आवाजात म्हणायचा. "गिऱ्हाईक बिचकायलंय."

"सराव नको का, आण्णा?"

"मंतर टाकल्यावानी वाटतंय त्यान्ला. परवा तो हळदीवाला घरी जाऊन परत मोजून आला. बरोबर निघाल्या म्हणून जास्तच घाबरला."

याच सुमारास हरिबाने बंड केलं. परदेशी पाकिटं त्याच्या पिशवीत मावत नव्हती आणि प्रत्येक पाकिटावर ज्याच्या त्याच्या सहीची पावती होती. अकरा माणसं, चार देश. त्याची सायकल आता फक्त बसप्पाच्या गल्लीसाठी आहे असं बाकीचा गाव म्हणायला लागला. "छबुमावशी, लवकर सही करा, अजून सात जपानी घरं ऱ्हायलीत," असं तो दारातून ओरडायचा. जपानी भाषेच्या विद्यार्थिनी छबुबाई बाहेर यायच्या आणि डाव्या हाताचा अंगठा उठवायच्या.

आणि मग एके दिवशी चौकीवरचे जमादार आप्पाराव दुकानात आले. त्यांनी साखर मागितली नाही, फोन मागितला नाही, खुर्ची मागितली. बसप्पाने ती पुसून दिली.

"वरून विचारणा आलीय," आप्पाराव म्हणाले. "चार देशांतून टपाल येतंय असं जिल्ह्यात दोनच ठिकाणं हायत. दुसरं कोणतं ते गोपनीय हाय."

"साहेब, पोरगी भाषा शिकायलीय."

"चारी?"

"चारी."

"त्यात चीन हाय. चीनसंगं तुमचा काय संबंध?"

बसप्पाने प्रामाणिकपणे विचार केला. "लोणच्याच्या बरण्या सोडल्या तर काईच न्हाई," तो म्हणाला.

आप्पारावांनी ते लिहून घेतलं. मग चिनी पुस्तक मागवलं, उलटसुलट करून बघितलं, मधलं पान उघडलं आणि शिवांजलीपुढे धरलं. "हे वाच. मोठ्यानं. म्या पंचनामा करतो."

शिवांजलीची एरवीची ऐट कुठल्या कुठे गेली. समोर खाकी कपडे होते, आणि ती घाबरली की तिचा आवाज आपोआप पोथीच्या चालीत जायचा. तिने डोळे मिटल्यासारखे केले आणि धडा सातवा लावला, 'बाजारात भाजी घेणे'. पहिल्याच ओळीला आत उमाबाईने कणकेचे हात जोडले. दुसऱ्या ओळीला शेजारून छबुबाई डोक्यावर पदर घेत आल्या आणि पायरीवर टेकल्या. मागोमाग चौघी शेजारणी आल्या. एकीने येताना समई आणली होती, ती लावायची की नाही म्हणून हातातच धरून बसली. आप्पारावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. कोबीचा भाव विचारण्यापर्यंत धडा आला तेव्हा त्यांनी बूटही काढले.

धडा संपला. छबुबाईंनी तीर्थासाठी हात पुढे केला. तीर्थ कुणी केलंच नव्हतं, म्हणून उमाबाईने सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. आप्पारावांनी ती डोळ्यांना लावून तोंडात टाकली आणि कागद पुढे ओढला. त्यांनी लिहिलं: 'सदर पुस्तक पंचांसमक्ष वाचून घेतले. मजकूर धार्मिक स्वरूपाचा असल्याचे दिसून आले. आक्षेपार्ह काही आढळले नाही. प्रसाद घेतला.'

सरकारी कागदावर एकदा धार्मिक म्हटल्यावर गल्लीला कोण अडवणार? रोज शाळा सुटली की बायका आपापली बसकरं घेऊन यायला लागल्या. शिवांजलीने वेळापत्रक बदललं. तिला वाटलं होतं लोक आपला अभ्यास ऐकायला येतात. पण बायका चोखंदळ निघाल्या. जर्मन त्यांना मानवली नाही. "नको माय, त्यात लई भांडण हाय," असं म्हणाल्या. रशियनला सगळ्यांचा डोळा लागायचा. चिनी बरी, पण मधेच वर खाली हिंदकळते. जपानी मात्र सगळ्यांना पटली. शांत, सोज्वळ, सासरी नांदणारी भाषा.

नवव्या धड्याला छबुबाईंचा उजवा गुडघा दुखायचा थांबला.

बारा वर्षं दुखत होता. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यापासून तलवाड्याच्या झाडपाल्यावाल्यापर्यंत सगळे हरले होते. शिवांजलीने सांगून पाहिलं की धडा स्टेशनवर तिकीट काढण्याचा होता. छबुबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आल्या.

"हे जपानी पारायण माझ्या नावानं कर," त्या म्हणाल्या. "संकल्प मी सोडते. वाच तू."

आता ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते. ज्याला वाचता येत नाही तो संकल्प सोडतो, दुसरा त्याच्या नावाने पोथी वाचतो आणि पुण्य संकल्पवाल्याला लागतं. वाचणाऱ्याचा घसा बसतो तेवढाच. शिवांजलीने आनंदाने होकार दिला. पुण्य आजीला, सर्टिफिकेट आपल्याला. यात तिला वाटणीची काही अडचण दिसली नाही.

जानेवारीत जपानी पुस्तक संपलं, तेव्हा बायकांनी उद्यापन मागितलं. पारायण संपवून उद्यापन नाही म्हणजे काय? पाच सवाष्णी, पुरणपोळी. उमाबाई पुरण वाटता वाटता म्हणाली, "अजून तीन देश ऱ्हायलेत. त्यांच्या उद्यापनाआधी मला माहेरी धाडा."

पण तिला जावं लागलं नाही, कारण देशच एकेक करून गळाले. जर्मनीने कळवलं की परीक्षा आहे, पण ती पुण्याला येऊन द्यावी लागेल. "पुण्याला का म्हणून? भाषा त्यांची, गरज त्यांची," बसप्पाने निकाल दिला. रशियाचं पत्र आलं की अभ्यासक्रम तूर्त थांबवला आहे. चीनने परीक्षेचं नाव काढलं नाही, कॅलेंडरं पाठवली. संघाच्या प्रत्येक सदस्याला एक, अशी अकरा. त्यांत एकादशी नाही, चतुर्थी नाही, सोमवार कुठला ते कळत नाही. बायकांनी त्यांची नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घातली.

राहिला जपान. म्हणजे वडिलांची शिकवण खरीच ठरली, चार धरले होते म्हणून एक उरला. मार्चमध्ये जपानहून अकरा प्रश्नपत्रिका आल्या. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर तिथे खूण करायची, घरीच बसून, आणि संघाच्या सगळ्या पत्रिका एकत्र परत पाठवायच्या. एक जरी कमी असली तर कुणाचीच तपासणार नाहीत.

तिकडे दहावीचे पेपर सुरू झालेले. शाळेच्या गच्चीवर कॉपी पुरवणारे उभे, खाली भरारी पथकाची जीप. इतिहासाचा पेपर देऊन शिवांजली घरी आली आणि अकरा जपानी कागद पुढे घेऊन बसली. सगळ्यांचे तिलाच भरायचे होते. जीप तिच्या डोळ्यापुढून हलेना. सगळ्यांची उत्तरं सारखी आली तर जपानचं भरारी पथक येणार नाही कशावरून? इतक्या पुस्तकांचं टपाल ज्यांना परवडतं, त्यांना जीप परवडणार नाही? म्हणून तिने शेजारणींची उत्तरं जपून वेगवेगळी केली, दळण वेगवेगळ्या डब्यांत भरावं तशी.

छबुबाईंचा कागद भरायला घेतला तेव्हा त्या समोरच होत्या. "माझा संकल्प, माझा कागद, माझंच बोट," त्या म्हणाल्या.

"आजी, तुमाला वाचता कुठं येतंय?"

"प्रश्नावलीला वाचावं लागतं व्हय?"

पोथ्यांच्या शेवटी घरांचा तक्ता असतो. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून बोट टेकवायचं, बोट पडेल ते उत्तर. लग्न जुळेल का, म्हैस सापडेल का, सगळं त्यात निघतं. छबुबाईंनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि तीस वेळा बोट टेकवलं. शिवांजलीने तिथे तिथे खूण केली. चहा उकळायच्या आत कागद तयार.

स्वतःच्या कागदाला तिने तीन दिवस घेतले. एकेक चित्रासारखं अक्षर न्याहाळलं, आठवलं, खोडलं, परत केलं. आठवत होतं सगळं, अगदी ठळक आठवत होतं. फक्त जपानी कागदावर ती जे आठवत होती ते निम्म्याहून जास्त चिनी होतं. हे तिला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी हरिबा सायकल हातात धरून चालत आला. सायकलवर बसून आणण्याची ही वस्तू नव्हे, असं त्याला वाटलं असावं. "जपान," तो म्हणाला, आणि पुठ्ठ्याचं चपटं पाकीट गल्ल्यावर ठेवलं.

बसप्पाने हात धुतले. उमाबाई आतून आली. छबुबाई पायरीवर होत्याच. शिवांजली ताठ उभी राहिली, हार घालून घ्यायला उभं राहतात तशी, मान थोडी पुढे. बसप्पाने जाड कागद बाहेर काढला. कडेला सोनेरी वेल, खाली लाल गोल शिक्का, मधोमध शाईने लिहिलेलं नाव. त्याने चष्मा लावून वाचलं आणि परत एकदा वाचलं.

"छबुबाई राधाकिशन," तो म्हणाला.

सोबत गुणांची यादी होती. छबुबाई, तीसपैकी चोवीस. पास व्हायला अठरा. उमाबाई नऊ. हरिबा तेरा. शिवांजली, अध्यक्ष, अकरा.

"मी परीक्षेला बसलतो?" हरिबाने विचारलं. मग जरा सावरून तो म्हणाला, "तेरा बी काय वाईट न्हाईत."

छबुबाईंना अजिबात नवल वाटलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सर्टिफिकेट घेतलं, कपाळाला लावलं. "संकल्प माझा व्हता," त्या सगळ्यांना समजेल असं म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस चौसाळ्याला दुसरं काही सुचलं नाही. पंचायतीत छबुबाईंना शाल आणि नारळ मिळाला. आप्पाराव जमादारांनी भाषणात आपला पंचनामा आठवून सांगितला. कुणाच्या तरी भावाने परदेशातून आणलेल्या टेपरेकॉर्डरचं जपानी पुस्तक लोक छबुबाईंकडे घेऊन आले. त्यांनी पान निरखून सांगितलं, "पाणी लागू देऊ नका आन पोरांच्या हाती देऊ नका." तेव्हापासून तो टेप एकदाही बिघडला नाही.

त्याच आठवड्यात दहावीचा निकाल लागला. शिवांजलीला शहात्तर टक्के पडले. उमाबाईने पेढे वाटले, आणि घेणाऱ्यांनी विचारलं, "छबुबाईंचे का?"

सांगायचं कुणाला? कागद मीच भरले म्हणावं तर ती अकरा जणांची कॉपी झाली. आणि छबुबाईंचा तर मी भरलाही नव्हता, बोट त्यांचंच होतं. तीन दिवस घासून अकरा, आणि डोळे मिटून चोवीस. शिवांजलीने चारही पुस्तकं पोत्यात बांधली आणि रेडिओ माळ्यावर टाकून दिला. अंबाजोगाईच्या फॉर्मला चार दिवस उरले होते. बसप्पाने एकदाही टोमणा मारला नाही. त्याने बूथमधल्या स्टुलावर तिच्यासाठी नवी गादी शिवून आणली, फुलाफुलांच्या कापडाची. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. गादीशी भांडता येत नाही.

"आण्णा," तिने एकदाच विचारलं.

"शब्द म्हंजे शब्द, पोरी. तुझ्या नावानं आलं असतं तर मीच पेटी उचलली असती." हे म्हणताना तो गादीची शिवण तपासत होता, तिच्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई लंगडत आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सर्टिफिकेट, मागे ताटात शिधा आणि खण घेऊन वैष्णवी.

"बसप्पा, गुडघा परत दुखायलाय."

"आता काय झालं, मावशी?"

"चूक झाली. पारायण माझ्या नावानं झालं, फळ मला लागलं, सत्कारबी झाला. पर वाचणारीची दक्षिणा ऱ्हायली. दक्षिणा दिल्याबिगर फळ टिकतंय व्हय? उमा, तांब्याभर पाणी आन, तुळशीचं पान टाकून."

पाणी आलं. छबुबाईंनी शिवांजलीला पुढे बोलावलं, तिची ओंजळ करायला लावली आणि तीत शिधा नव्हे, खण नव्हे, सर्टिफिकेट ठेवलं. कागद वाकू नये म्हणून शिवांजलीने ओंजळ ताठ धरली.

"मावशी, हे काय?" बसप्पा उठून उभा राहिला.

"मला सांग, दान दिल्याली गाय कुणाची?"

"ज्याला दिली त्याची."

"मग झालं. परदेशातून सर्टिफिकेट यावं म्हणलतास ना? आलं. आता ते हिचं हाय."

"तुझ्या नावानं, असं म्हणलतो मी. हरिबा, तू हुतास."

"हुतो," हरिबा म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही, आणि त्याच्या तोंडावरून दिसत होतं की आज त्याला त्याचा पश्चात्ताप होतोय.

छबुबाई पुढे झाल्या. काठी भिंतीला लावली, तांब्या उचलला आणि रीतीप्रमाणे उजव्या हाताच्या बोटांवरून पाणी सोडलं. वयामुळे असेल, किंवा नसेल. चमचाभर सोडायचं ते निम्मा तांब्या सुटलं. ते नेमकं कागदाच्या मधोमध पडलं. शाई फुटली, छबुबाई राधाकिशनमधून निळा ओघळ निघाला आणि लाल शिक्क्यात जाऊन मिळाला.

बसप्पाने चष्मा लावला. कागद उजेडाला धरला, आडवा धरला, उलटा धरला. सोनेरी वेल होती, शिक्का होता, जपानी अक्षरं छापील असल्यामुळे जागच्या जागी होती. नाव कुठलंच नव्हतं.

"पत्ता पुसल्याल्या टपालाचा नियम हाय," हरिबा हळूच म्हणाला. "ज्याच्या हाती हाय, त्याचं." असा नियम पोस्टात नाही. पण नोकरीतली चोवीस वर्षं त्या आवाजात होती.

"आन माझी वैष्णवीबी जाणार हाय अंबाजोगाईला," छबुबाई काठी उचलत म्हणाल्या. "जपान पास बाईची नात काय गावातच ऱ्हाईल? दोघींना एक खोली बघा." आणि गुडघा चाचपून म्हणाल्या, "बघ, उतरला."

बसप्पाने कागद शिवांजलीच्या हातात परत दिला. मग त्याने बूथमध्ये जाऊन स्टुलावरची फुलाफुलांची गादी उचलली आणि उमाबाईच्या हातात दिली. "हिच्या वळकटीत घाल," तो म्हणाला. "हॉस्टेलची बाकं लाकडाची असतात."

पंधरा दिवसांनी यष्टी फाट्यावर उभी राहिली तेव्हा बसप्पाने शब्दाप्रमाणे पेटी स्वतः उचलली. वैष्णवी आपलं सामान घेऊन आधीच आत बसली होती आणि कंडक्टर घाई करत होता. "किती डाग हायत, शेठ? लवकर सांगा." बसप्पा खिडकीपाशी ओळीने मांडलेल्या सामानापुढे उभा राहिला. पेटी, वळकटी, लोणच्याची बरणी, छबुबाईंचा लाडवांचा डबा, पुस्तकांची पिशवी, आणि शेवटी पोत्यात गुंडाळलेलं एक जड खोकं, जे शिवांजलीने बांधलं नव्हतं. पोत्याच्या फटीतून रेडिओचा काटा दिसत होता.

व्यापारी माणूस माल चढवताना एकेका डागावर हात ठेवून मोजतो. बसप्पाने तसाच हात ठेवला.

"आइन्स," तो म्हणाला. "त्स्वाय. त्री. चितीरे. गो. रोकु."

मग त्याने मान वळवून फाट्यावरच्या दगडावर बसलेल्या छबुबाईंकडे बघितलं. गावात सर्टिफिकेटवाल्या त्याच होत्या.

"बरोबर हाय," छबुबाई म्हणाल्या.